मंगा वाचायचाय पण सुरुवात कुठून? माझ्या आवडीच्या सिरीज, प्रत्येक जॉनरमधून एखादी तरी

ऑफिसात, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, भाचीच्या मैत्रिणींकडून, सगळीकडून एकच प्रश्न येतो की ॲनिमे (जपानी कार्टून सिरीज-सिनेमे) खूप बघून झाले, आता मंगा (जपानी चित्रकथा) वाचायचाय, कुठला घेऊ? आणि मी तोंड उघडायच्या आत कुणीतरी वन पीसचं नाव घेऊन मोकळं होतं. अरे बाबांनो, वन पीस १९९७ पासून चालू आहे, शंभराच्या वर व्हॉल्यूम झालेत, अजून संपलेला नाही, आणि ज्याने आयुष्यात एक मंगा धड वाचला नाही त्याला तुम्ही थेट तिकडे ढकलताय. वन पीस वाईट आहे असं मी म्हणत नाहीये (म्हटलं तर भाची घरात घेणार नाही), पण सुरुवातीला संपलेलं, आटोपशीर काहीतरी हातात घ्यावं. आणि दुसरं, माझ्या मते जास्त महत्त्वाचं, जे कागदावरच भारी वाटतं ते घ्यावं. ॲनिमे बघितलाय म्हणून तोच मंगा आणायचा, गोष्ट माहितीच आहे म्हणून अर्ध्या तासात फडशा पाडायचा आणि मग म्हणायचं की यात काय एवढं, याला काही अर्थ नाही. चित्रकाराने पान कसं मांडलंय, बोलणं कुठे बंद केलंय, पान उलटल्यावर काय अंगावर येतं, पैसे त्याचे आहेत. म्हणून खाली जे सांगतेय ते सगळं याच हिशोबाने निवडलंय.

दोन किरकोळ गोष्टी आधी. मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात, पुस्तक आपल्या हिशोबाने मागून उघडायचं, संवादाचे फुगेसुद्धा उजवीकडचे आधी. पहिली पंधरा-वीस पानं गोंधळ होतो मग डोळ्याला सवय होते. लोकलमध्ये शेजारच्या काकू निरखून बघतात की ही बाई पुस्तक उलटं का वाचतेय, त्याला इलाज नाही. आणि शोनेन, शोजो, सेइनेन, जोसेई हे जे शब्द सारखे कानावर पडतात ते जॉनर नाहीत, मुळात ती सिरीज कुणासाठीच्या मासिकात आली होती तेवढंच त्यावरून कळतं, म्हणजे मुलगे, मुली, मोठे पुरुष, मोठ्या बायका. आपल्याकडे पोरं जेवताना टीव्हीवर हिंदीत बघतात तो शिनचॅन मुळात १९९० साली मोठ्या माणसांच्या साप्ताहिकात सुरू झाला होता, आता कळलं ना तो एवढा आगाऊ का बोलतो ते.

तर मला सगळ्यात आधी जी सिरीज सांगायचीय ती बहुतेक याद्यांमध्ये नसते, सिल्व्हर स्पून. हिरोमू अराकावा बाईंची, २०११ ते २०१९, फक्त १५ व्हॉल्यूम. या त्याच ज्यांचा फुलमेटल अल्केमिस्ट जगप्रसिद्ध आहे (त्यावर खाली बोलते), पण बाई मूळच्या जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या, घरचा डेअरीचा धंदा, स्वतः तिथे राबलेल्या, आणि पुस्तकात स्वतःचं चित्र काढतात ते चष्मा लावलेल्या गायीचं. सिल्व्हर स्पूनचा हिरो हाचिकेन, साप्पोरोचा शहरी मुलगा, अभ्यासात हुशार पण मार्कांच्या शर्यतीत आणि वडिलांच्या अपेक्षांखाली पार पिचून गेलेला. तो घरापासून लांब राहायला मिळावं एवढ्याच कारणाने एका कृषी शाळेत ॲडमिशन घेतो. शेतीबितीची आवड शून्य. आजूबाजूची सगळी पोरं शेतकऱ्यांची, कुणाला घरचा गोठा सांभाळायचाय कुणाला घोडे, आणि हा एकटाच ज्याला पुढे काय करायचं ते माहीत नाही. कोंबडीच्या अंगातून अंडं कुठून बाहेर येतं ते बघून याचं खाणंच उडतं, आणि मग तेच ताजं अंडं गरम भातावर खाल्ल्यावर गप्प होतो.

दहावी-बारावीनंतर क्लासच्या चक्रात जी मुलं अडकतात, आणि ज्यांचे आईबाबा "आम्ही काही प्रेशर देत नाही हं" म्हणत प्रेशर देतात, त्या सगळ्यांच्या घरात ही सिरीज असावी असं माझं मत आहे. पण मला जास्त लागली ती डुकराच्या पिल्लाची गोष्ट. शाळेत वाढवलेली डुकरं शेवटी कत्तलखान्यातच जाणार हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून मित्र याला बजावतात की नाव ठेवू नकोस, जीव लागेल. तर हा त्यातल्या सगळ्यात मरतुकड्या पिल्लाचं नाव ठेवतो बुताडोन, म्हणजे डुकराच्या मांसाचा भात, डिशचंच नाव, की बाबा विसरायला नको हे काय होणार आहे ते. आणि अर्थातच जीव लागतोच. पुढे सुट्टीत राबून कमावलेल्या पैशातून तो त्याचं मांस स्वतः विकत घेतो आणि स्वतः धुरी देऊन बेकन करतो. इथे कुठलंही भाषण नाहीये, शाकाहारी व्हा नाहीतर खा बिनधास्त असं काहीही लेखिका सांगत नाही, ते खाताना पोरांचे चेहरे काढलेत फक्त. मी शाकाहारी घरातली आहे आणि तरी मला ते पटलं, म्हणजे बघा.

आणि त्याचा मित्र कोमाबा. बेसबॉलचा चांगला पिचर, खेळून पैसे कमवायचे आणि घरचा गोठा वाचवायचा एवढंच स्वप्न. कर्ज एवढं झालेलं असतं की गोठा जातो, गायी जातात, पोरगा शाळा सोडतो, आणि त्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या शेजाऱ्यांनाही घोडे विकावे लागतात. जपानमधला शेतकरी म्हणजे सगळं यंत्रावर, सगळं चकाचक असं आपल्याला वाटतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या कुणाला हे वाचायला द्या, जामीन राहिलेल्या शेजाऱ्याची गोष्ट त्याला समजावून सांगावी लागणार नाही. रिकाम्या गोठ्याचं चित्र येतं तिथे मी पुस्तक बंद करून चहा टाकायला उठले होते. आणि एवढं सगळं असूनही सिरीज बऱ्यापैकी विनोदी आहे हे सांगायचं राहिलंच, पिझ्झाचं प्रकरण आहे सुरुवातीला, ते वाचून भूक लागते.

थ्रिलर वाचणाऱ्यांसाठी नाओकी उरासावांचा मॉन्स्टर, याला मला तरी पर्याय दिसत नाही. १९९४ ते २००१, मूळ १८ व्हॉल्यूम, इंग्रजीत आता ९ जाड व्हॉल्यूममध्ये मिळतो. जपानी ब्रेन सर्जन डॉक्टर तेन्मा, जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या हॉस्पिटलात नोकरीला, १९८६ साल. डायरेक्टरची मुलगी याची होणारी बायको, करिअर एकदम जोरात. एक दिवस एका बड्या गायकाच्या ऑपरेशनसाठी याला दुसऱ्या पेशंटवरून हलवतात, आणि तो दुसरा, एक तुर्की मजूर, मरतो. त्याची बायको हॉस्पिटलात याच्यासमोर उभी राहून विचारते की माझा नवरा आधी आला होता ना. पुढच्या वेळी जेव्हा डोक्यात गोळी लागलेला मुलगा आणि शहराचा मेयर यात निवडायची वेळ येते तेव्हा हा वरून आलेला हुकूम मोडतो आणि मुलाला वाचवतो. तो मुलगा पुढे कोण निघतो यावर पुढचे सगळे व्हॉल्यूम आहेत.

यात मारामारी फार नाही, उड्या नाहीत, पॉवर नाहीत. माणसांचे चेहरे आहेत. उरासावांसारखे चेहरे काढणारा दुसरा चित्रकार मी तरी बघितला नाही, दोन पानांसाठी येणारा बारवाला, म्हातारी घरमालकीण, ड्रायव्हर, प्रत्येकाचं नाक वेगळं, प्रत्येकाच्या डोळ्याखालच्या पिशव्या वेगळ्या. इन्स्पेक्टर लुंगे नावाचा पोलीस आहे, तो ऐकलेलं सगळं लक्षात ठेवताना हवेत बोटं टाइप केल्यासारखी हलवतो, एवढ्या एका लकबीवर माणूस उभा केलाय, आणि मग पुढे कधी ती बोटं दिसली की आपल्याला धडधडायला लागतं. तक्रार एकच, मधले काही भाग लांबलेत, हा गावात जातो, कुणाचं तरी भलं करतो, पुढे जातो असं चालतं, पण ते वाचताना चालून जातं. याचाच प्लूटो पण चांगला, ८ व्हॉल्यूम, ओसामू तेझुकांच्या ॲस्ट्रो बॉय या जुन्या मंगातली एक गोष्ट घेऊन उरासावांनी मोठ्यांसाठी रोबोटची मर्डर मिस्टरी केलीय. वेळ कमी असेल तर हा घ्या आधी.

इथे डेथ नोटवाले येतीलच, म्हणून सांगून टाकते. पहिले पाच-सहा व्हॉल्यूम खतरनाक, त्यानंतर मला तो कंटाळवाणा वाटला आणि पानंच्या पानं नुसता मजकूर, तो असा विचार करेल मग मी असा विचार करेन मग तो असा. १२ व्हॉल्यूम आहेत, संपून जातो पटकन, चित्रकार ओबातांची चित्रं सुंदर आहेत यात वाद नाही, पण ॲनिमे बघितला असेल तर मी तरी पैसे घालणार नाही. शिव्या खाली घाला.

खेळावरच्या मंगांचं आपल्याकडे फारसं कुणी नाव घेत नाही, किंवा घेतलं तर हायक्यू. हायक्यू मस्तच आहे, ४५ व्हॉल्यूम आहेत, शाळेत व्हॉलीबॉल खेळलेल्या कुणालाही आवडेल. पण स्लॅम डंक! ताकेहिको इनोउए, १९९० ते १९९६, ३१ व्हॉल्यूम. साकुरागी हा लाल केसांचा टगा मुलगा, पोरगी आवडली म्हणून बास्केटबॉल टीममध्ये घुसतो, खेळातलं ओ की ठो कळत नाही. सुरुवातीचे व्हॉल्यूम जरा बालिश वाटतील, मारामाऱ्या, टवाळक्या, डोकं आपटणं, तेवढं सहन करा कारण चित्रकाराचा हात व्हॉल्यूमगणिक सुधारताना दिसतो आणि शेवटचे सहाएक व्हॉल्यूम म्हणजे एकच मॅच. एकच! आणि त्या मॅचचं शेवटचं मिनिट, तिथे संवाद जवळजवळ नाहीतच. प्रेक्षकांचा आवाज नाही, बूट घासल्याचा आवाज नाही, कोपऱ्यात लिहिलेले ते ढाण-ढुण नाहीत, नुसती माणसं पळतायत आणि घड्याळ आणि बॉल, पानामागून पान. मला बास्केटबॉलचे नियमही धड माहीत नव्हते तरी श्वास धरून बसले होते, आणि मग दोन पानं मिळून एकच चित्र येतं, दोन हातांचं, ते सांगत नाही. २०२२ मध्ये इनोउएंनी स्वतः याच मॅचवर सिनेमा काढला, आपल्याकडेही थिएटरला लागला होता, चांगला आहे, पण मंगातल्या त्या पानांवर आपण आपल्या वेगाने जातो, जिथे थांबायचं तिथे थांबतो, ते थिएटरात कसं जमणार.

याच माणसाचा व्हॅगाबाँड. मियामोतो मुसाशी हा जपानचा खराखुरा तलवारबहाद्दर, त्याच्यावरच्या एका गाजलेल्या कादंबरीवरून घेतलेला. १९९८ ला सुरू झाला, ३७ व्हॉल्यूम आले आणि २०१५ पासून बंद पडलाय. हो, अपुरा आहे, आणि वर मी संपलेलं वाचा म्हणाले होते, पण याला सूट आहे. मध्ये कोजिरो नावाच्या बहिऱ्या तलवारबाजाची गोष्ट सुरू होते तिथून इनोउए पेन सोडून ब्रशने काढायला लागले, आणि ती पानं म्हणजे अक्षरशः भिंतीवर लावावीत अशी. शेवटच्या काही व्हॉल्यूममध्ये तर हा मुसाशी तलवार बाजूला ठेवून एका उपाशी गावात नापीक जमीन नांगरत बसतो, लोक वैतागतात तिथे, मला तोच भाग सगळ्यात आवडतो. हिंसा भरपूर, पोरांच्या हाती देऊ नका.

भीतीदायक हवं असेल तर उझुमाकी, जुंजी इतो, १९९८-९९, ३ व्हॉल्यूम आणि आता एकाच जाड पुस्तकात मिळतो म्हणून पहिल्यांदा विकत घ्यायला एकदम सोयीचा. एका गावाला चक्राकार आकाराचा शाप लागलाय. बस्स, एवढंच. भूत नाही, खुनी नाही, आकार. एका मुलाचे वडील गोगलगायीच्या शंखाकडे, भोवऱ्याकडे, सूपमधल्या भोवऱ्यासारख्या तुकड्याकडे टक लावून बघत बसतात आणि मग त्या माणसाचं जे होतं ते एका गोल लाकडी टबात दिसतं. इतो हा माणूस आधी दातांच्या कवळ्या वगैरे बनवणारा टेक्निशियन होता, कदाचित म्हणूनच मांस-हाडं एवढ्या बारकाईने काढतो. याची ट्रिक साधी असते, डाव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कुणीतरी काहीतरी बघून थबकतं आणि काय बघितलं ते पान उलटल्यावर. म्हणजे घाबरायचं की नाही हे आपल्याच हातात, आणि हात पुढे जातोच. फोनवर स्क्रोल करून वाचलात तर अर्धी मजा गेली. शेवट मला फार नाही आवडला पण मधले चॅप्टर, ते केसांचं आणि गोगलगायींचं, विसरणं शक्य नाही. रात्री वाचू नका असं सगळे सांगतात, मी सांगते जेवताना वाचू नका.

जेवणावरून आठवलं, डिलिशस इन डंजन. र्‍योको कुई, १४ व्हॉल्यूम, २०२३ मध्ये संपला, नेटफ्लिक्सवर ॲनिमे आहे म्हणून नाव ऐकलं असेल. नायकाच्या बहिणीला ड्रॅगनने गिळलंय, तिला सोडवायला परत भुयारात उतरायचंय, खिशात दमडी नाही, मग वाटेत जे राक्षस मारू तेच शिजवून खाऊ असा सगळा मामला. सेन्शी नावाचा दाढीवाला बुटका आचारी आहे तो जीव तोडून स्वयंपाक करतो, पहिल्याच चॅप्टरमध्ये चालत्या मश्रूमचा आणि विंचवाचा रस्सा. लेखिकेने प्रत्येक राक्षसाचा आतून विचार केलाय, म्हणजे आपोआप चालणारं चिलखत असतं ना, तर त्याच्या आत शिंपल्यातल्यासारखे जीव राहत असतात आणि तेच ते चिलखत चालवतात, मग काय, तिसऱ्या साफ कराव्यात तसे काढायचे आणि शिजवायचे. मालवणी माणसाला एकदम पटेल असं पुस्तक. आणि हसवत हसवत पाचव्या-सहाव्या व्हॉल्यूमपासून ते एवढं गंभीर होतं की कळतही नाही कधी झालं. फँटसी न आवडणाऱ्यांनाही मी हे देते.

फँटसीतच फुलमेटल अल्केमिस्ट, २७ व्हॉल्यूम, २००१ ते २०१०. मेलेल्या आईला परत आणायला जातात आणि एक भाऊ हात-पाय गमावतो, दुसरा अख्खं शरीर. एवढा मोठा पसारा आणि एकही धागा लोंबकळत न ठेवता संपवलाय. पण याचा ॲनिमे एवढा चांगला आहे की ज्यांनी तो बघितलाय त्यांनी आधी सिल्व्हर स्पून घ्या.

लहान मुलांसाठी काय, हा प्रश्न आयांकडून येतो. व्हिझसारख्या प्रकाशकांच्या पुस्तकांवर मागे वयाचं रेटिंग छापलेलं असतं ते बघत जा, मुखपृष्ठावरच्या गोड चेहऱ्यावर जाऊ नका, फसाल. डोळे मिटून घ्यायचं तर योत्सुबा. कियोहिको अझुमा, २००३ पासून अधूनमधून येतोय, पण प्रत्येक चॅप्टर स्वतंत्र असल्यामुळे अपुरा असला तरी बिघडत नाही. पाच वर्षांची हिरव्या केसांची मुलगी, तिचे बाबा, शेजारच्या तीन बहिणी. गोष्ट काहीच नाही. एक दिवस शेजारच्या मुलीची मैत्रीण खोक्यांचा रोबोट करून आत बसते आणि योत्सुबाला तो खराच वाटतो, आता तिला कोण सांगणार की आत मुलगी आहे? कुणाची हिंमत होत नाही, आणि ती बिचारी त्या खोक्यात उकडून निघते. मध्येच एखादी चौकट नुसत्या आभाळाची असते किंवा रिकाम्या रस्त्याची, काही होत नाही त्यात, दुपार आहे एवढंच. दिवसभर मीटिंगा करून डोकं उठलेल्या मोठ्या माणसांनीही घ्यावा, डॉक्टरची फी वाचेल.

जरा मोठ्या, म्हणजे सातवी-आठवीच्या पुढच्या मुलांना अ सायलेंट व्हॉइस द्या. योशितोकी ओइमा, ७ व्हॉल्यूम, २०१३-१४. शाळेत ऐकू न येणाऱ्या मुलीचा छळ करणारा मुलगा, तिची श्रवणयंत्रं तोडणारा, पुढे स्वतःच एकटा पडतो आणि काही वर्षांनी तिला भेटायला जातो. त्याला लोकांच्या नजरेला नजर देता येत नाही म्हणून चित्रात सगळ्यांच्या चेहऱ्यावर मोठी फुली मारलेली असते, आणि कुणाशी जमलं की ती फुली गळून पडते. शिवाय खुणांची भाषा हातांच्या चित्रांतून दाखवलीय, तिथे वाचायचा वेग आपोआप कमी होतो. यात तो मुलगा लगेच चांगला होत नाही, ती मुलगीही देवी नाहीये, चिडते, चुकते, म्हणून पटतं. एक प्रसंग जड आहे, आत्महत्येचा विषय येतो, तेव्हा मुलांना देताना आईबाबांनी आधी स्वतः वाचलेलं बरं.

आता बुद्ध. वरच्या ॲस्ट्रो बॉयवाल्या तेझुकांनी १९७२ ते १९८३ काढला, इंग्रजीत ८ जाड व्हॉल्यूम, आणि आपल्या पुस्तकांच्या दुकानात मंगा म्हणून वेगळं कपाट नव्हतं तेव्हाही हा कुठेतरी दिसायचा. सुरुवात बर्फात निपचित पडलेल्या एका साधूने होते, अस्वल मासा आणतं, कोल्हा फळं आणतो, सशाला काहीच मिळत नाही म्हणून तो आगीत उडी घेतो. जातकातली आपल्या ओळखीची गोष्ट, चंद्रावरचा ससा तो हाच, पण तेझुकांनी ती एक शब्द न बोलता सांगितलीय आणि मग पुढे एकदम वेगळीच माणसं येतात, तत्ता नावाचा खालच्या जातीचा पोरगा जो प्राण्यांच्या अंगात शिरू शकतो, छाप्रा नावाचा गुलाम ज्याला आपली जात लपवून सेनापती व्हायचंय. सिद्धार्थ जन्माला यायलाच बराच वेळ लागतो. मी आईला दिलं तर पहिल्या व्हॉल्यूमला तिचा पहिला प्रश्न, "अगं हा तत्ता कोण? असा कुणी नव्हता!" नव्हताच, तेझुकांनी घातलेला आहे, छाप्रासुद्धा. शिवाय मध्येच टवाळ विनोद आहेत, कपडेही पात्रं फारशी घालत नाहीत, श्रद्धेने वाचायला जाल तर खटकेल. पण जातीवर एवढं थेट बोट ठेवणारी चित्रकथा जपानमधल्या माणसाने पन्नास वर्षांपूर्वी काढली, हे वाचताना मला फार विशेष वाटलं. आईने आठही व्हॉल्यूम संपवले, तत्ताबद्दल शेवटपर्यंत कुरकुर करत.

बेअरफूट गेन बद्दल थोडकंच लिहिते. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे होते तेव्हा हिरोशिमावर बॉम्ब पडला, शाळेच्या भिंतीआड होते म्हणून वाचले, वडील, बहीण आणि भाऊ गेले. १९७३ मध्ये शोनेन जंपमध्ये, म्हणजे ज्या साप्ताहिकात पुढे ड्रॅगन बॉल आला त्यात, त्यांनी ही गोष्ट सुरू केली. इंग्रजीत १० व्हॉल्यूम आहेत. चित्रं जुन्या पद्धतीची, डोळे मोठे, हाणामारी कार्टूनसारखी, आणि त्याच हाताने काढलेला तो ६ ऑगस्टचा दिवस. युद्धखोर सरकारला शिव्या घालणारे गेनचे (गोष्टीतल्या मुलाचे) वडील बॉम्बच्या आधीपासून आहेत, गावाने वाळीत टाकलेले, ते विसरू नका वाचताना. पहिला व्हॉल्यूम तरी वाचाच.

ज्यांना गोष्टीपेक्षा बघायला आवडतं, भरतकाम, विणकाम, लाकडी नक्षी, त्यांच्यासाठी अ ब्राइड्स स्टोरी, काओरू मोरी बाईंचं, एकोणिसाव्या शतकातला मध्य आशिया. घोड्याचा लगाम, गालिचा, कानातलं, प्रत्येक टाका काढलाय, एका चॅप्टरमध्ये लहान पोरगा म्हाताऱ्या सुताराकडे नुसता बघत बसतो आणि आपणही. नायिका २० वर्षांची आणि तिचा नवरा १२, हे आधीच सांगते म्हणजे नंतर मला कुणी बोलायला नको, त्या काळचं लग्न म्हणून दाखवलंय, लेखिका जपून हाताळते, तरी काहींना चालणार नाही. हार्डबॅक आहे, महाग आहे, वाढदिवसाला मागून घ्या.

खरेदीचं सांगते. नवीन व्हॉल्यूम साधारण चारशे ते सहाशेच्या घरात पडतो, सेलमध्ये कमी. अख्खा सेट अर्ध्याहून कमी किमतीत दिसला की तो डुप्लिकेट धरून चाला. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून असा एक सेट मागवला होता, काळा रंग करडा छापलेला, कडेच्या फुग्यातली अक्षरं कापलेली, आणि एका व्हॉल्यूममध्ये सोळा पानं दोनदा. परत घ्यायलाही तयार नव्हता, वर म्हणे मॅडम या किमतीत असंच असतं. उझुमाकी किंवा व्हॅगाबाँड अशा छपाईत वाचण्यात काही अर्थच नाही. आधी चाखून बघायचं असेल तर मंगा प्लस ॲपवर शुएइशा या जपानी प्रकाशकाच्या चालू सिरीजचे सुरुवातीचे आणि ताजे चॅप्टर फुकट असतात, व्हिझचं शोनेन जंप ॲपही भारतात चालतं, दोन्ही रीतसर. आणि एकदम सेट मागवू नका, पहिला व्हॉल्यूम घ्या, दोन आठवडे पडून राहिला तर ती सिरीज तुमची नाही.

नाना मुद्दाम शेवटी ठेवला. आय याझावांची, २००० साली सुरू झालेली, नाना नावाच्याच दोन मुली टोकियोच्या ट्रेनमध्ये शेजारी बसतात आणि पुढे एकाच फ्लॅटमध्ये राहायला लागतात, एक बँडमध्ये गाणारी, एक सतत प्रेमात पडणारी. मैत्री, नोकरी, नको त्या माणसांवरचं प्रेम, पैशांची ओढाताण, विशी-पंचविशीतल्या बायकांबद्दल एवढं खरं मी फार कमी ठिकाणी वाचलंय. २००९ मध्ये लेखिका आजारी पडली तेव्हापासून २१ व्हॉल्यूमवर थांबलीय, आणि थांबलीय ती अशा जागी की वाचणारीने करायचं काय. भाचीला मी अजून दिलेली नाही, कपाटात वरच्या खणात आहे, तिने विचारलं की कॉलेजला गेलीस की देते म्हणते.